मृत माती, बरणी क्रमांक दोन

दगड खोटं बोलत नाही, असं डॉ. अंजना उपाध्ये फार गंभीरपणे सांगत. कोल्हापुरात दगडाला मध्ये तोंड घालू कोण देणार, हा भाग वेगळा.

"मामा, बोळा मीच काढते," आदिती म्हणाली. ती सूक्ष्मजीवशास्त्र विभागातली नवी प्राध्यापिका; एकेकाळची उपाध्ये मॅडमांची विद्यार्थिनी. टेबलापलीकडे लॅब अटेंडंट आकाराम हात मागे बांधून उभा होता. त्याच्या नोकरीचा आज शेवटचा दिवस.

टेबलावर काचेच्या दोन बरण्या होत्या. दोन्हींत राधानगरीची तांबडी माती आणि मातीत पुरलेला काळ्या दगडाचा सुपारीएवढा तुकडा. पहिलीतली माती जिवंत, म्हणजे तिच्यात जंतू होते. ते आम्ल सोडतात आणि दगड कणाकणानं खातात. त्यांना घाई नसते. दुसरीतले जंतू मारलेले होते. तिच्यावर मॅडमांच्या तिरप्या अक्षरात लिहिलं होतं, 'मृत'. आज, बारा वर्षांनी, पहिला दगड झिजलेला आणि दुसरा जवळपास जसाच्या तसा निघाला, की मॅडमांचं म्हणणं खरं. मग आदिती प्रयोग पुढे चालवणार होती आणि बरण्या कपाटात राहणार होत्या. आकारामला निरोपाच्या शालीपेक्षा तेवढंच हवं होतं.

मॅडम चार वर्षांपूर्वी कोरोनात गेल्या. शेवटचं तोंडही कुणाला दिसलं नाही. तेव्हापासून आकाराम रोज सकाळी कपाट उघडून "नमस्कार मॅडम" म्हणे, मग जरा थांबे. पोरं हसत. एकदा मागून प्राचार्य येत होते. त्यांनी मान डोलावून नमस्कार स्वीकारला.

आदितीनं दुसऱ्या बरणीचा कापसाचा बोळा काढला आणि ती थबकली. बरणी नाकाजवळ नेली.

"मामा, वास येतोय."

"येतोय न्हवं?" आकारामचा चेहरा उजळला. "म्हनलं मलाच येतोय का काय. नांगरलेल्या रानागत."

"मेलेल्या मातीला हा वास येत नाही. हा जंतूंचा वास आहे. ही बरणी कुणी उघडली?"

"मीच की. खंडेनवमीला."

खंडेनवमीला तो सूक्ष्मदर्शक, तराजू आणि बंद पडलेला फ्रिज पुजत असे. बरण्यांना मॅडम असेपर्यंत बाहेरूनच कुंकू लागे.

"मॅडम गेल्या त्या वर्षी इचार केला, मॅडमचं हत्यार कंचं? ह्योच धोंडा की. काचंला कुंकू लावून काय उपेग? काडला भाईर, हळद-कुंकू लावलं, झेंडूचं फूल वाह्यलं, परत पुरला."

"एकदाच?"

"चार वर्सं."

"हातानं?"

"हात धुतलं हुतं की. साबनानं."

"आणि फूल?"

"घरचं. मुडशिंगीत परड्यात लावल्यात. इकतचं न्हाय वाह्यलं."

आदितीनं डोळे मिटले.

"त्या साली पूजा केली," आकाराम हळूच म्हणाला, "आन् दिवाळीच्या सुट्टीनंतर बघतोय तर वास. म्हनलं, आल्या मॅडम."

ती हसली नाही. तिनं दोन्ही दगड धुतले, वाळवले, तोलले. जिवंत मातीतला त्रेचाळीस मिलिग्रॅमनं घटला होता. मृत मातीतला एकोणीस. तो भिंगाखाली धरला तर पाठीवर बारीक खळगे दिसत होते.

"मामा, हे जंतू तुमच्या बोटांवरून आलेत. नाहीतर झेंडूवरून."

"मॅडम न्हवं?"

"नाही."

"म्हंजे म्या मॅडमचं काम नासलं."

आदितीनं तराजूचं शून्य पुन्हा तपासलं. ते बरोबर होतं. मग वहीत 'दूषित' लिहून तिनं खाली तारीख घातली.

"ही बरनी घरला न्हेऊ? कोपऱ्यात ठेवतो. कुनाला सांगत न्हाय."

"असं देता येत नाही, मामा. जंतू मारल्याशिवाय नमुना विभागाबाहेर जात नाही. नियम मॅडमांचाच आहे." तिनं बरणी उचलली. "मी करते ते. तुम्ही हॉलमध्ये जा, सगळे थांबलेत."

"र्‍हाऊ दे," आकाराम म्हणाला. "ते काम माजं हाय."

त्यानं बरणी दोन्ही हातांनी घेतली. बोळा घालण्याआधी एकदा खोल वास घेतला. मग ती वाफेच्या दाबानं जंतू मारणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये ठेवली, झाकण लावलं, समोरासमोरचे नट जोडीजोडीनं आवळले आणि बटण दाबलं. काटा चढेपर्यंत तो तिथंच उभा राहिला. हॉलमधून दोनदा बोलावणं आलं.

पंधरा पौंड दाबाला बरणीभर माती अर्ध्या तासात मरते.