अलीमियाँचं पान

पावसाआधी होड्या किनाऱ्यावर ओढून घेतल्या की देवबागेत आमच्या अंगणात जेवण असतं. होडीला ज्याने हात लावला, त्याला पान. वाढून झालं की आमचे हे मातीच्या मडक्याचं घुमट घेऊन वाजवत बसतात. एकेका मित्राचं नाव आणि त्याच्या आवडीचा पदार्थ गाण्यात घालून हाक मारतात, आणि त्याने ‘इलंय’ म्हणून आल्याची ओ द्यायची. सगळ्यांनी ओ दिल्याशिवाय कुणी घास उचलत नाही. जेवून उठणाऱ्याला निरोपाची ओळही गायची. गाण्यातून नाव गाळतात ते फक्त मेलेल्याचं.

शेजारचा अलीमियाँ ह्यांचा जिवाभावाचा दोस्त. अठ्ठावन्न सालच्या थंडीत तो समुद्रावर गेला तो गेलाच. होडी नाही, प्रेत नाही. तरी दर वर्षी हे त्याचं पान मांडायला लावतात आणि गातात,

“बांगडो शिजलो तिरफळ घालून,
अलीमियाँ, ये रे जेवूक चालून.”

मग घुमटावरचा हात थांबवून वाट बघत राहतात. सार गार होतं, माणसं माना खाली घालून बसतात, आणि शेवटी हे मान हलवतात तेव्हा कुठे घास उचलतात. मला संताप येतो. दिवसभर चुलीपुढे मी भाजून निघते, वाट बघायला ह्यांचं काय जातं. पण खरं सांगते, संतापापेक्षा भीतीच जास्त. गेल्या वर्षी सगळे उठल्यावर मी ते पान उचलायला गेले. बांगडा तसाच होता, पण सारातली तिरफळं पानाच्या काठाला काढून ठेवलेली. अलीमियाँ तशीच ठेवायचा. मांजर तिरफळं वेचत नाही.

यंदा मी सकाळीच बजावलं, “ह्या खेपेक तेचा नाव घेव नकात.”

“नाव गाळलंय तर मीच तेका मारल्यासारखा,” हे म्हणाले.

दिवेलागणीला यांनी पुन्हा ती हाक मारली. घुमट थांबलं. समुद्राची गाज तेवढी ऐकू येत होती.

“इलंय,” कुंपणाकडून आवाज आला.

माझ्या हातातली पळी खाली पडली. जन्नतबी उभी होती, अलीमियाँची बायको. ती सरळ येऊन नवऱ्याच्या पानावर बसली.

“गणपतभाऊ, तुमी हाक मारतास आणि मी दार उघडा टाकून बसतंय. इतकी वर्सां कडी लावक नाय. आता तेंका जेवून जावंदेत.”

ती जेवायला लागली. मग बाकीच्यांनी घास उचलले. तिरफळं तिनेही काठाला काढून ठेवली. ती हात धुऊन उठली तेव्हा यांनी घुमट पुन्हा मांडीवर घेतलं. आवाज फाटत होता, पण ओळ पुरी केली,

“जेवलंस बरा, बसलंस बरा,
आता सुखान जा रे घरा.”

जन्नतबी आपल्या घरी गेली. थोड्या वेळाने कुंपणापलीकडे कडी लागल्याचा आवाज आला.

“गेलो,” हे म्हणाले, आणि लहान पोरासारखे रडायला लागले.