ललिंगचा थांबा

सकाळी नऊ वाजून पस्तीस मिनिटं झाली, तरी ललिंगहून फोन आला नव्हता.

एरंडोलला आपल्या घराच्या ओट्यावर झुलाल महाजन टेबलापुढे बसला होता. टेबलावर मोबाइल, मनगटावरून काढून ठेवलेलं घड्याळ आणि पट्टीने रेघा मारलेलं वेळापत्रक. त्याने एस.टी.त एकतीस वर्षं काढली. त्यातली शेवटची एकोणीस वाहतूक नियंत्रक म्हणून, स्थानकाच्या जाळीच्या खिडकीमागे. कुणी विचारलं, गाडी कुठे आहे, तर म्हणायचं, "येईल, बसा." आली की नोंद करायची. गाडी उशिरा आली म्हणून त्याचा जीव कधी खालीवर झाला नव्हता. आज मात्र रस्त्यावर गाडी नव्हती, बायको होती.

कोकिळा सप्तशृंगीच्या गडावर पायी निघाली होती. एकटी. चैत्रात खानदेशातून हजारो माणसं याच वाटेने निशाणं घेऊन जातात. पण चैत्रात एस.टी.वाल्यांच्या रजा बंद असतात. झुलाल जादा गाड्यांवर, म्हणून कोकिळा घरी. असे तीस चैत्र गेले. तो निवृत्त झाला तोवर तिला साखर लागली आणि डॉक्टरांनी उन्हात चालायला मनाई केली. तेव्हा तिने डिसेंबर ठरवला. मंडळ नको, ट्रॅक्टर नको, डीजे तर नकोच.

"एकलीच जाशी? लोके काय म्हनतीन?" त्याने विचारलं होतं.

"म्हनू द्या. नही तं तुम्ही चला संगे."

"मना गुडघा..."

"मंग बसा घर. खिडकीमझार बसानी सवय शेच तुमले."

तो चालणार नव्हता, म्हणून त्याने वेळापत्रक केलं. निघायची वेळ, थांबे, जेवण, मुक्काम, आणि वेगळ्या शाईत साखरेची गोळी. नियमही त्यानेच घातला: बॅटरी वाचवायची तर चालताना फोन बंद ठेवायचा, थांब्यावर पोचलं की चालू करून कळवायचं.

"मी काय बस शे का?" ती हसली होती. पण कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिने बरोबर घेतला, आणि पहिले तीन दिवस त्याप्रमाणे चालली. पारोळा चार मिनिटं लवकर. मुकटी वेळेवर. धुळे अकरा मिनिटं उशिरा, तेही रस्त्यात कुणी ओळखीचं भेटलं म्हणून.

चौथ्या दिवसाचा पहिला थांबा ललिंग. वेळ नऊ.

नऊ चाळीसला त्याने धुळ्याला भटूला फोन लावला. भटू त्याच्याबरोबर नोकरीला असलेला चालक. काल रात्री कोकिळा त्याच्याकडेच मुक्कामाला होती.

"सहा पाचलेच निंघनी वहिनी," भटू म्हणाला. "मी सोता चौफुलीलगून धाडी उनू. काय व्हयनं?"

"काही नही. फोन नही उना."

पलीकडे भटूची बायको लताबाई काहीतरी बोलत होती. तिने फोन ओढून घेतला. "भाऊ, मी दशम्या बांधी ठेवेल व्हत्या. शेंगदाणानी चटणी. तिनी लिन्ह्या नही. म्हने, पुढं नाश्ता शे, त्यासनी लिखेल शे. वझं कसाले वागाडू?"

झुलालने वेळापत्रकावर बोट ठेवलं.

८.४५, गोळी.
९.००, ललिंग, मंडप. नाश्ता.

त्याचंच अक्षर. धुळ्यापर्यंतचे थांबे त्याला घरच्यासारखे ठाऊक होते. तिथे त्याने माणसांची नावं लिहिली होती. धुळ्यापुढे त्याने कधी नोकरी केली नव्हती. तिथली माहिती त्याने जुन्या परिपत्रकांतून उतरवली. दरवर्षी विभागाकडून यायची ती परिपत्रकं: पायी भाविक कुठे थांबतात, कुठे पाणी, कुठे नाश्ता, कुठे गाडी हळू हाकायची. ती सगळी त्याने जपून ठेवली होती, आणि ती सगळी चैत्रातली होती.

ललिंगला मंडप असतो तो चैत्रातले आठ दिवस. एरवी तिथे मोकळी जागा.

तो उठला. परत बसला. सुरतेला मुलीला, कामिनीला, फोन लावला. ती औषधाच्या दुकानात काम करते.

"कामू, साखरेची गोळी घेतली आणि खाल्लंच नाही, तर काय होतं?"

"कोणी?"

"असंच. शेजारी विचारत होते."

"कोणते शेजारी, अप्पा?" ती म्हणाली. "शुगर उतरते. घाम येतो, हात थरथरतात, माणूस काहीबाही बोलतं, पडतंसुद्धा. लगेच गोड द्यायचं. आणि एकदा वर आली म्हणून सोडून नाही द्यायचं, त्या गोळीचा असर दिवसभर असतो, परत उतरते. अप्पा, आई कुठे आहे?"

"ललिंगला पोचेल आता," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

सव्वादहाची धुळे गाडी त्याला मिळाली. भटूला त्याने मोटारसायकलवर ललिंगला पिटाळलं होतं. गाडी पारोळ्याला थांबली ती हलेचना. तो दरवाजापाशी गेला.

"धुळं किती वाजता लागेल?"

वाहकाने त्याला ओळखलं. "काय साहेब, आज तुम्ही प्रवासी?" तो खुशीत म्हणाला. "लागेल. बसा."

मुकटीच्या अलीकडे भटूचा फोन आला. तो ललिंगला चहाच्या टपरीवर होता. टपरीवाला समाधान याने बाई पाहिली होती. "तूच सांग रे यासले," भटू म्हणाला आणि त्याने फोन दुसऱ्या हातात दिला.

"उनती ना मावशी. नऊ वाजाना सुमारले. मले इचारं, मंडप कोठे शे? मी म्हनं, मावशी, मंडप चैतमा ऱ्हास. आते मार्गेसर चालू शे."

"मग?"

"मंग ती कागद दखत बसनी. म्हने, मी तं गोळी ली टाकी. मना भजीना घाणा लागाले येळ व्हता. बिस्कूट दिन्हा तं म्हने गोड चालत नही. चहा पिनी, तोबी बिनसाखरना. मी साखर टाकाले गऊ तं मना हात धरा तिनी."

झुलालने डोळे मिटले. गोड बंद, हेही त्या कागदावर खाली लाल शाईत लिहिलं होतं.

"कोणीकडे गेली?"

"पुढं. म्हने, मंडप पुढं कोठे तरी व्हईच. लिखणारा मानूस चुकाव नही शे."

गाडीत त्याच्या शेजारची बाई कडेवरच्या पोराला शेंगा सोलून देत होती. तिने दोन त्याच्यापुढेही धरल्या. त्याने मान हलवली. कोकिळाचा फोन तो दर पाच मिनिटांनी लावत होता, आणि दर वेळी तोच रेकॉर्ड केलेला आवाज येत होता. नंबर बंद आहे. बंदच असणार. थांबा आला तर फोन चालू करायचा होता, आणि थांबा आलाच नव्हता.

दुपारभर भटूच्या मागे बसून तो महामार्गाने हिंडला. ललिंग घाट, पुरमेपाडा, आर्वी, आणि उलट. ढाब्यांवर विचारलं, पंक्चरवाल्यांना विचारलं. "हिरवं लुगडं, पांढरे बूट, पाठीवर पिशवी." कुणी पाहिलं नव्हतं. पोलिसांनी वर्णन लिहून घेतलं. एका हवालदाराने विचारलं, "घरात भांडण वगैरे?" झुलाल म्हणाला, "नाही." मग उगाच पुढे म्हणाला, "वेळेवर चालते ती." धुळ्याच्या दवाखान्यांत लताबाई रिक्षाने फिरून आली. तिथेही नव्हती. आर्वीला मुक्काम ज्या घरी ठरला होता त्या ताईबाईंना भटूने सांगून ठेवलं: आली की आधी खायला घाला, मग फोन करा.

कामिनी तासातासाला फोन करत होती. चौथ्या वेळी ती रागावली नाही, नुसती म्हणाली, "मी संध्याकाळच्या गाडीने निघते, अप्पा." तेव्हा तो जास्त घाबरला.

साडेचारच्या सुमारास घाटाखाली बकऱ्या वळणाऱ्या एका म्हाताऱ्याने सांगितलं की बाई रस्त्याने गेलीच नाही. कुरणाच्या कडेने जुनी पायवाट आहे, गडावर जाणारी माणसं रस्ता व्हायच्या आधी तिथूनच जायची. तिकडे मेंढपाळांचा मुक्काम पडलाय. तिथे विचारा.

मोटारसायकल ओढ्यापर्यंत गेली. पुढे झुलाल गुडघ्यावर हात देत चढला. दोन खाटा, जाळीत कोकरं, एक कुत्रं, आणि दगडीबाई नावाची उंच, वाळलेली मेंढपाळीण. भटूने विचारायच्या आत तिने झुलालकडे पाहिलं.

"तूच का रे भाऊ, तो कागद लिखनारा?"

"मीच," झुलाल म्हणाला.

"दहा वाजाले व्हयना व्हतात. डुलत डुलत उनी. घामनी वली. हात असा कापेत. मी म्हनं, माय, पोटमा काही शे का? तं म्हने, अजून थांबा उना नही." दगडीबाई हसली नाही. "दूधमा गूळ टाका न् दिन्हा. नही नही करे. मी टोंड धरीसन पाजं."

"मग?"

"मंग निजनी घोंगडीवर. बारा वाजता उठनी. अर्धी भाकर खादी. तो कागद काढा, दखं, न् एकलीच हसाले लागनी."

"हसली?"

"खूप हसनी. मी म्हनं, रोडले जाय, गाडी भेटी जाई. म्हने, गाडीनं नही जानं. तीस वरीस गाड्याच दख्यात. आते मना मनथीन जासू."

"फोन केला का तिने? काढला का फोन?"

"नही. पोचसू तव्हय लावसू म्हने." तिने हाताने टेकडीची सोंड दाखवली. तिला वळसा घालून पायवाट पलीकडे उतरत होती. "तथीनच गयी. सोबतले पोऱ्या देस म्हनं, तं नको म्हने."

झुलालने घड्याळ पाहिलं. बाराला निघाली. टेकडीपलीकडे आर्वी; कसंही चाललं तरी चार तासांत पोचायला हवं होतं. अर्ध्या भाकरीवर. त्या गोळीचा असर दिवसभर असतो.

चुलीशेजारच्या दगडावर एक जर्मनची वाटी पालथी घातलेली होती. स्वच्छ, राखेने घासलेली. बाकीची भांडी खरकटी तशीच पडली होती.

"ती तिनीच घासी," दगडीबाई म्हणाली. "मी म्हनं, ऱ्हाऊ दे, पाय कापतस तुना. आयकं नही."

भटू म्हणाला, "भाऊ, मी रोडनी आर्वीकडथीन येस. तू गाडीवर बठ. तुना गुडघा..."

"तू जा," झुलाल म्हणाला.

त्याने दगडीबाईकडून गुळाचा खडा मागून घेतला आणि रुमालात बांधून खिशात ठेवला. कोपऱ्यातली काठी तिने न मागता दिली. पायवाट अरुंद होती, दोन्ही बाजूंना वाळलेलं गवत कमरेइतकं. शंभर पावलांवर तो थांबला, हाक मारली, ऐकलं, आणि पुन्हा चालू लागला. टेकडीच्या वळणावर ऊन संपत आलं होतं.

पाच पन्नासला ताईबाईंचा फोन आला. अजून आर्वीला कुणी आलं नव्हतं.