हिरव्या टोपणाची बाटली

बागेतल्या बाकावर एक नवरा-बायको बेशुद्ध पडले त्याला आठवडा झाला, आणि समोरच्या इमारतीतल्या चोवीस बिऱ्हाडांतून चोवीस गुप्तहेर निघाले. पोलिसांना अजून एवढंच ठाऊक होतं, की दोघांच्या अंगात मज्जातंतूंवर घाला घालणारं विष सापडलंय आणि दोघं हॉस्पिटलात नळ्या लावून पडलेत. इमारतीला मात्र सगळं ठाऊक होतं. विष कुठल्या देशातून आलं, कोणत्या बाटलीतून आलं, बाटली कोणी फेकली आणि सरकार काय लपवतंय, हे सगळं सकाळच्या चहाच्या आत ठरायचं आणि संध्याकाळी बदलायचं.

तिसऱ्या मजल्यावरच्या दाबताईला या सगळ्याचा उबग आला होता. डोळ्यांच्या दवाखान्यात सात ते चार ती लोकांच्या डोळ्यांतला दाब मोजायची, म्हणून पेशंटांनी तिला हे नाव दिलं होतं आणि ते घरापर्यंत चिकटत आलं होतं. एरवी तिने हे सगळं हसून सोडून दिलं असतं. पण बेशुद्ध पडण्याच्या तासभर आधी त्या जोडप्यातल्या गृहस्थांनी आपलं मनगटी घड्याळ दुरुस्तीला टाकलं होतं, आणि टाकलं होतं तिच्या वडिलांकडे.

वडील घड्याळजी. पन्नास वर्षं खिडकीशी बसून, डोळ्याला भिंग लावून, केसाएवढ्या स्प्रिंगा सरळ करत आलेले. पांढऱ्या पोशाखातली माणसं आली, घड्याळ दुहेरी पिशवीत घालून घेऊन गेली, टेबल पुसून बोळे नेले, घड्याळजींचं रक्तही नेलं. दोन दिवसांनी फोन आला की रक्तात काही नाही, घड्याळाचा अहवाल सावकाश येईल.

"फोनवर काय, कुणीही काहीही सांगतं," तळमजल्यावरचे विमावाले म्हणाले. विम्याची एजन्सी बंद केल्यापासून त्यांच्याकडे वेळ भरपूर होता आणि तो खर्च करायला इमारत अपुरी पडत होती.

त्यातच टीव्हीवर कोणी तज्ज्ञ बोलला की असल्या विषाने डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या होतात. झालं. दुसऱ्याच दिवशी विमावाल्यांनी घड्याळजींना जिन्यात गाठलं, "काका, जरा वर बघा," म्हणून मोबाइलचा टॉर्च डोळ्यांवर मारला, आणि इमारतीच्या ग्रुपवर फोटो टाकला. बाहुली खरंच टाचणीच्या डोक्याएवढी होती.

असणारच. घड्याळजींचा उजवा डोळा काचबिंदूने केव्हाच नेला होता. उरलेला डावा हिरव्या टोपणाच्या बाटलीतल्या थेंबांवर तगून होता. दिवसातून चार वेळा थेंब घातले की बाहुली बारीक होते, आणि ती बारीक राहिली तरच आतल्या पाण्याला वाहायला वाट राहते. वाट बंद झाली की दाब चढतो आणि डोळा जातो. दाबताईने हे ग्रुपवर लिहिलं. साध्या भाषेत लिहिलं. मग बाटलीचा फोटो टाकला. मग डॉक्टरांचं शिक्क्याचं पत्र आणून खाली फलकावर लावलं. संध्याकाळी त्या पत्राखाली कोणीतरी पेनने लिहिलं होतं, 'हॉस्पिटलही यात सामील आहे काय?'

आता या माणसांपुढे डोकं किती आपटायचं? घड्याळजी लिफ्टमध्ये शिरले की बाकीचे जिन्याने जाऊ लागले. दूधवाला पिशवी खालच्या पायरीवर ठेवून जाऊ लागला. एका शेजारणीने दहा वर्षांपूर्वी दुरुस्त करून नेलेलं भिंतीवरचं घड्याळ दाराशी आणून ठेवलं, वर्तमानपत्रात गुंडाळून, हातमोजे घालून.

दाबताई चिडली. कामावरून आली की ती चप्पल न काढता फोन घेऊन बसायची आणि एकेकाला उत्तरं द्यायची. एकाला गप्प केलं की दोघे उठायचे. घड्याळजी तेव्हा खिडकीशी बसून असायचे. टॉर्चच्या प्रकरणापासून त्यांनी गडद चष्मा लावायला सुरुवात केली होती, घरातही. तिला वाटलं, मनाला लागलंय. लागू दे, चार दिवसांत निवळेल.

"डोकं ठणकतंय गं," ते एकदा म्हणाले.

"माझंही ठणकतंय, बाबा. या मूर्खांनी वात आणलाय," ती फोनवरची नजर न काढता म्हणाली. "थेंब घातलेत ना?"

"कार्डावर बघ की."

फळीवरच्या कार्डावर खुणा होत्या. सहा, बारा, सहा, दहा. घड्याळजींची खूण म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. वेळ एका मिनिटाने चुकायची नाही. तिने बघितलं आणि पुन्हा फोनकडे वळली.

आणखी आठवड्याने ती कामावरून येत होती, तर विमावाले इमारतीच्या दारातच उभे. चेहऱ्यावर तुळशीत दिवा लावून आल्यासारखं समाधान.

"ताई, अभिनंदन. उगाच आमच्यावर चिडत होता तुम्ही. मघाशी काकांनी स्वतःहून चष्मा काढून दाखवला. बाहुली चांगली मोठी झालीय. विष उतरलं बरं का. मी ग्रुपवर टाकलंय तसं."

बाहुली मोठी म्हणजे थेंब नाहीत. दाबताई लिफ्टची वाट न बघता तीन मजले चढली.

घड्याळजी खिडकीशीच होते. तिने चष्मा काढला. डोळा लालबुंद, बुबुळावर वाफ धरल्यासारखं, आणि आत मोठी, उजेडाला न हलणारी बाहुली. हिरव्या टोपणाची बाटली फळीवर होती, नवी आणलेली, अजून काठोकाठ भरलेली.

"किती दिवस, बाबा?"

"टॉर्च मारला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"आणि खुणा?"

"वेळेवर केल्या." ते खाली बघत म्हणाले. "तू रोज माझ्यापायी जगाशी भांडत होतीस गं. घरात आल्या आल्या. म्हटलं, बाहुली मोठी दिसली की त्यांचं तोंड बंद होईल आणि तू जेवायला तरी बसशील. थोड्या दिवसांचाच प्रश्न होता."

तिला त्यांच्यावर ओरडायचं होतं, विमावाल्यांवर ओरडायचं होतं. पण ज्या बाईने कार्ड बघितलं आणि डोळ्याकडे बघितलं नाही, ती दिवसभर लोकांचे डोळेच बघायची. ओरडायचं कुणावर? तिने रिक्षा बोलावली.

दवाखान्यात तिनेच यंत्र लावलं. एकवीसच्या आत असायला हवा तो आकडा चौपन्न होता. डॉक्टरांनी औषधं दिली, लेझर केलं, रात्रीपर्यंत दाब खाली आणला. मग दाबताईला बाजूला घेऊन म्हणाले, "दाब उतरला. पण नस वाळलीय. उजेड-अंधार कळेल, माणूस कळेल. बारीक काही दिसेल असं धरून चालू नका." असली वाक्यं तिने त्यांच्या तोंडून कितीदा ऐकली होती, पण ती दुसऱ्यांच्या नातेवाइकांसाठी असायची.

महिन्याने तपास अधिकारी घरी आला. बाकावरचं जोडपं वाचलं होतं. विष त्यांना कुठे आणि कसं लागलं याचा शोध अजून चालूच होता. घड्याळ मात्र निर्दोष निघालं होतं. पावती घड्याळजींची, म्हणून घड्याळ त्यांच्याच हाती द्यायचं होतं. अधिकाऱ्यामागून विमावाले आत शिरले आणि त्यांच्यामागून जिन्यावरची आणखी दोन-चार माणसं.

"मी तर पहिल्यापासून सांगत होतो," विमावाले म्हणाले, "घड्याळात काय असणार?"

दाबताईच्या ओठांवर उत्तर आलं होतं. ते तिने गिळलं आणि वडिलांकडे बघितलं.

घड्याळजींनी किल्ली फिरवली आणि घड्याळ कानाशी धरलं. "मागे पडतंय अजून," ते म्हणाले. "स्प्रिंग चिकटलीय. पाच मिनिटांचं काम आहे."

चाचपत त्यांनी मागचं झाकण उघडलं. भिंग जागेवरच होतं, ते सवयीने डाव्या डोळ्याला लावलं आणि वाकून तसेच बसून राहिले. बराच वेळ. मग भिंग काढून पुसलं आणि पुन्हा लावलं.

"साहेब," शेवटी ते झाकण बसवत म्हणाले, "हे दुसऱ्या कुणाकडे द्या."