मोकळ्या चौकटी

मी एक जुना तक्ता आहे, मित्रांनो. आज मी चपलांच्या कपाटात खालच्या फळीवर अंथरलेला आहे आणि माझ्या तोंडावर कुणाच्या तरी ओल्या बुटांचा ठसा उमटला आहे. माझी तक्रार नाही. माझ्यामुळे जे घडलं, त्या मानाने ही शिक्षा हलकीच म्हणायची.

माझा जन्म जेवणाच्या टेबलावर झाला. या घरातली धाकटी लेक पार्सलच्या गोदामात माल रवाना करण्याचं काम करते. आठ वर्षांत तिने तीन साहेबांना काम शिकवलं आणि तिघेही तिच्या डोक्यावर जाऊन बसले, कारण त्यांच्याकडे व्यवस्थापनाची पदवी होती. त्या वर्षी मात्र कंपनीने कळवलं की, जो त्या पदवीची प्रवेश परीक्षा पास होईल त्याला शिकायला दोन वर्षांची रजा मिळेल. सवलत फक्त त्याच वर्षापुरती. धाकटी अडतीस वर्षांची होती. दुसऱ्या दिवशीच ती जाड पांढरा कागद आणि चार रंगीत पेन्सिली घेऊन घरी आली.

मला आखायला तिचे बाबा बसले. त्यांनी उभा जन्म डेपोत बसगाड्यांचं वेळापत्रक लावण्यात घालवला होता. पट्टी धरली की रेघ अशी सरळ, की बघत राहावं.

"सगळ्या चौकटी भरू नकोस, बाळ," ते म्हणाले. "गाडी कधी ना कधी उशिरा येतेच. सावरून घ्यायला जागा नसेल तर अख्खा दिवस कोलमडतो."

म्हणून आठवड्यात तीन चौकटी कोऱ्या ठेवायचं ठरलं. मागे पडलेला अभ्यास त्यात भरून काढायचा. गणिताला लाल रंग मिळाला, भाषेला निळा, तर्काला हिरवा. असे सोळा आठवडे. शेवटच्या ओळीपर्यंत बाबांचे डोळे चुरचुरायला लागले आणि ते उठून गेले. त्यांचा एक डोळा केव्हाच निकामी झाला होता, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकत होता. धाकटीने एकटीनेच शेवटच्या शनिवारी लिहिलं, 'परीक्षा, सकाळी नऊ'. तीन रंग अभ्यासाला गेले होते, म्हणून तिने पिवळी पेन्सिल घेतली. पांढऱ्यावर पिवळं.

मला फ्रिजशेजारी डकवलं आणि माझे लाड सुरू झाले. वहिनीने माझा फोटो काढून मैत्रिणींना पाठवला. दादा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "शिस्त बघा आमच्या घरातली!" मीही हरभऱ्याच्या झाडावर चढलो. वाटलं, ही बाई आता माझ्या जोरावर पार होणार.

पण तिसऱ्याच आठवड्यात दादा चहाचा कप घेऊन माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "अरे वा, रविवारची दुपार मोकळी दिसतेय हिची!" त्या दुपारी धाकटीने पाण्याची टाकी घासली. पुढच्या मोकळ्या चौकटीत भाचीच्या शाळेसाठी पुठ्ठ्याचा पूल बनवला, त्याच्या पुढचीत वहिनीच्या आत्याला डॉक्टरकडे नेलं. लाल चौकटीला कुणी हात लावत नसे, बरं का! घरातली माणसं भली होती. अभ्यासाच्या वेळी टीव्हीसुद्धा बंद ठेवायची. फक्त कोरी चौकट दिसली की प्रत्येकाला आपलं काम आठवायचं.

"अगं, ती जागा मागचं भरून काढायला आहे," असं तिने एकदा वहिनीला सांगितलं.

"हो ना, पण तासाभराचंच तर काम आहे," वहिनी म्हणाली. तो तास चार तासांचा झाला.

एव्हाना घरात तिला काही विचारायची पद्धतच उरली नव्हती, परीक्षा कधी आहे हेसुद्धा. सगळे मलाच विचारत. मी भिंतीवर गप्प, आणि गप्प बसणाऱ्याची संमतीच धरतात. धाकटी मात्र हटली नाही. गोदामात जेवणाच्या सुट्टीत ती गणितं सोडवायची. चौदाव्या आठवड्यात सराव परीक्षेत तिला हवे तेवढे गुण पडले, तेव्हा ती माझ्यासमोर येऊन एकटीच हसली.

शेवटच्या शनिवारी सकाळी ती प्रवेशपत्र घेऊन खोलीबाहेर आली, तर बाबा दाढी करून, फाईल काखेत धरून खुर्चीत बसलेले. डोळ्यात थेंबही घालून झाले होते.

"चल, बाळ. साडेआठला बोलावलंय डोळ्याच्या ऑपरेशनला."

"आज? दादा नेणार होता ना?"

"त्याला फिरतीवर जावं लागलं. म्हणाला, तक्त्यावर शनिवार मोकळाच आहे तिचा. मीही बघितलं की! तुझ्या अभ्यासाला धक्का लागू नये म्हणून मुद्दाम हीच तारीख मागून घेतली मी."

बाबांना पिवळं दिसत नव्हतं. दादाला दिसत होतं, पण त्याने पाहिलं नव्हतं.

तिने दादाला फोन लावला, उचलला नाही. वहिनी भाचीला घेऊन माहेरी गेलेली. शेजारच्या दाराला कुलूप. ही तारीख चुकली तर पुढची चार महिन्यांनी, आणि तोवर बाबांना जिना उतरणंही कठीण झालं असतं. ती माझ्यासमोर आली. मग प्रवेशपत्राची घडी करून माझ्यामागे, भिंतीच्या बाजूला सरकवली.

"चला, बाबा," ती म्हणाली. "आज काही नाही मला."

ऑपरेशन छान झालं. पट्टी निघाल्यावर बाबा हरखून घरभर फिरले. कॅलेंडर, औषधांच्या बाटल्या, सगळं मोठ्याने वाचत सुटले. फिरत फिरत माझ्यापाशी आले. "लाल, गणित. निळा, भाषा. हिरवा, तर्क." बोट शेवटच्या ओळीवर आलं. "परीक्षा, सकाळी..."

पुढचा शब्द त्यांनी वाचला नाही.

"हे कधी लिहिलंस?"

"पहिल्याच दिवशी, बाबा."

त्यांनी स्वतःच्या हाताने मला भिंतीवरून उतरवलं. ती सवलत पुन्हा आली नाही. गोदामात चौथा साहेब आला आहे आणि धाकटी त्याला काम शिकवते आहे.

मित्रांनो, कुणाच्या दिवसात कोरी जागा दिसली तर ती आपल्यासाठीच आहे असं समजू नका. कागदाला विचारू नका, माणसाला विचारा, आणि वेळेवर विचारा. बाबा आता रोज विचारतात. संध्याकाळी ती दारात चपला काढायला वाकली की त्यांचा आवाज येतो, "बाळ, उद्या तुझं काही आहे का गं?"

"काही नाही, बाबा," ती म्हणते. "मोकळीच आहे."