जमेल, सर

आपण विचारतो, या एका गोष्टीचा सावातारी मास्तरांना अभिमान होता.

१९५३ साली ते स्वतः उशिओझाकी वाणिज्य शाळेच्या बेसबॉल संघात कॅचर होते. तेव्हाचे प्रशिक्षक कुणाला काही विचारत नसत. चेंडू तो टाकणाऱ्या पिचरच्या हातात ठेवायचा आणि पाठ फिरवायची, एवढंच. त्या उन्हाळ्यात कोशिएनच्या मैदानावर संघ देशभरातल्या शाळांमध्ये पहिला आला. ज्याच्या हातात ओळीने चार दिवस चेंडू ठेवला गेला होता, तो पिचर त्यानंतर कधीच मैदानावर दिसला नाही. गावाने त्याचं नाव बंदरावरच्या दगडावर कोरलं आणि विषय संपला.

पुढची तेवीस वर्षं शाळेला कोशिएनचं तोंड दिसलं नाही. मासेमारीच्या त्या गावात दुसरं मिरवायला काही नव्हतं, त्यामुळे ही तेवीस वर्षं लोकांना फार लांब गेली. १९७६ मध्ये संघ जिल्ह्याच्या पहिल्याच फेरीत इतका वाईट हरला, की पंचांनी सामना अर्ध्यावर थांबवला. त्या हिवाळ्यात शाळेत हिशेबलेखन शिकवणाऱ्या सावातारींकडे संघ सोपवला गेला. बंदरावरच्या लिलावाचा मुखत्यार आणि माजी विद्यार्थी मंडळाचा अध्यक्ष ओकाबायाशी त्यांना म्हणाला, "मास्तर, आता याहून खाली जायला जागा नाही. त्यामुळे तुम्ही निर्धास्त राहा."

पुढच्याच उन्हाळ्यात संघ कोशिएनला पोचला. त्याला कारण एकच होतं, शिगेकी कुरोइवा. धुरावर कुपा मासा वाळवणाऱ्या शेडमध्ये काम करणाऱ्या फुसाएबाईंचा हा थोरला मुलगा. बाप लांब पल्ल्याच्या बोटीवर, वर्षातून दोनदा घरी येणारा. शिगेकीने जिल्ह्याचे सगळे सामने एकट्याने टाकले, आणि कोशिएनलाही तोच. उपांत्य सामन्याच्या सकाळी, मैदानात उतरण्याच्या बोळात, सावातारींनी त्याला बाजूला घेतलं. त्याचं कोपर सुजलं होतं, हे बाहीवरूनही दिसत होतं. सावातारींनी विचारलं, "जमेल का?"

शिगेकी म्हणाला, "जमेल."

संघ त्या दिवशी हरला, पण गावाला त्याचं काही वाटलं नाही. उशिओझाकी परत आली, एवढं पुरेसं होतं. शिगेकीचं कोपर मात्र अर्ध्यावर अडकलं ते कायमचं. सरळही होईना आणि पुरतं वाकेनाही. उजवा हात तोंडापर्यंत पोचत नसल्यामुळे तो डाव्या हाताने तोंड धुवायचा. बर्फाच्या कारखान्यात त्याला चिकटवून घेतलं. दर वसंतात तो मैदानावर यायचा, फळी ओढून माती सारखी करून द्यायचा आणि नव्या पोरांना सांगायचा, "सरांनी मला विचारलं होतं. मीच हो म्हटलं."

सावातारींना हे ऐकून बरं वाटायचं. नंतर नंतर ते त्या वेळी दुसरीकडे जायला लागले.

शिगेकीच्या पाठोपाठ सगळं आलं. दुसऱ्या गावांतली पोरं उशिओझाकीत शिकायला यायला लागली, त्यांच्यासाठी वसतिगृह बांधलं गेलं. १९८० च्या वसंत स्पर्धेत संघ पहिला आला, तीन वर्षांनी उन्हाळ्याच्या स्पर्धेतही आला. सोडतीत समोर उशिओझाकीचं नाव निघालं की त्या शाळेतली पोरं रडतात, अशी ख्याती झाली. ओकाबायाशी लिलावाच्या ओट्यावर बसून म्हणायचा, की पूर्वी परका माणूस गावात आला की मासळी कुठे मिळते ते विचारायचा, आता मैदान कुठे आहे ते विचारतो. दर उन्हाळ्यात एक नवा पिचर होता, आणि दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या सकाळी सावातारी त्याला बाजूला घेत होते. नाही म्हणणारा एकही निघाला नाही. त्यांतला एक आता केस कापायचा, पण कात्री डाव्या हाताने चालवायला त्याला नव्याने शिकावं लागलं होतं. दुसरा टपाल वाटायचा. हे सगळे नवीन वर्षाला सावातारींच्या घरी येत, गुडघे टेकून नमस्कार करत आणि वाकणाऱ्या हाताने त्यांच्या पेल्यात साके ओतत.

१९८५ च्या एप्रिलमध्ये फुसाएबाईंचा धाकटा नाओतो शाळेत आला. प्रवेशाचा समारंभ आटोपल्यावर, दिवस मावळता मावळता, त्या शाळेच्या फाटकापाशी उभ्या होत्या. अंगावर कामाचा ॲप्रन होता आणि कपड्यांना धुराचा वास. सावातारींना वाटलं, पोराला खेळवू नका म्हणून सांगायला आल्या असतील. त्यासाठी त्यांनी उत्तरही मनात तयार केलं. पण बाई तसं काही म्हणाल्या नाहीत. पोराला दुसरं काही येत नाही, खेळू दे, म्हणाल्या. त्यांचं मागणं वेगळं होतं.

"त्याला विचारू नका, सर."

सावातारींना कळलं नाही.

"विचारलंत की तो हो म्हणेल. थोरल्याने म्हटलं, हाही म्हणेल. तुम्हाला डोळे आहेत. तुम्ही बघा आणि तुम्हीच ठरवा. पोराच्या तोंडून वदवून घेऊ नका."

सावातारींनी शब्द दिला. बाई कमरेत वाकल्या आणि रात्रपाळीला निघून गेल्या.

तो शब्द त्यांनी पाळला, हे कुणालाही मान्य करावं लागेल. पहिल्या वर्षी नाओतोला त्यांनी चेंडूला जेमतेम हात लावू दिला. दुसऱ्या वर्षी तो आपोआप मुख्य पिचर झाला, कारण तसा हात दहा वर्षांत आला नव्हता. पण त्याच्या जोडीला मियाके नावाचा डावखुरा पोरगा त्यांनी मुद्दाम तयार केला, आणि नाओतोचा खांदा जरा उतरलेला दिसला की ते स्वतःहून त्याला बाहेर काढायचे. नाओतो गाल फुगवून बसायचा. नागोयाच्या एका कारखान्याने आपल्या संघासाठी त्याला दोन वर्षं आधीच हेरून ठेवलं होतं. शाळा संपली की नोकरी आणि खेळ, दोन्ही. कुरोइवांच्या घरातून धुराच्या शेडकडे न जाणारी ही पहिलीच वाट होती. सावातारींनी त्या कारखान्याच्या माणसाला सांगितलं होतं, की हा हात मी तुम्हाला धड स्थितीत देईन.

१९८६ च्या ऑगस्टमध्ये संघ पुन्हा अंतिम सामन्यात पोचला. उपांत्यपूर्व आणि उपांत्य, दोन्ही सामने सलग दोन दिवस नाओतोनेच टाकले. दुसऱ्यात सामना इतका लांबला, की सावातारींनी मियाकेला दोनदा उभं केलं आणि दोनदा खाली बसवलं. त्या संध्याकाळी मुक्कामाच्या जागी पोरं जेवायला बसली. नाओतोने भाताची वाटी उचलली नाही. वाटी खालीच ठेवून तो मान खाली घालून काड्यांपाशी तोंड नेत होता. वाढणारी बाई त्याच्यावर खेकसली, की कुत्र्यासारखं काय जेवतोस. पोरं हसली, तोही हसला. सावातारी हसले नाहीत. हात तोंडापर्यंत येत नाही म्हणून तोंड हाताकडे चाललंय, हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं.

जेवण झाल्यावर त्यांनी ओकाबायाशीला सांगून टाकलं, की उद्या मियाके टाकेल. ओकाबायाशी गावाहून तीन बसगाड्या भरून माणसं घेऊन आला होता.

"मियाके?" तो म्हणाला. "मास्तर, मियाकेचे चेंडू बघून माझी म्हातारीसुद्धा बॅट मागेल."

सावातारी म्हणाले, की मागू दे. ओकाबायाशीने मग आवाज उतरवून त्यांना दहा वर्षांची आठवण करून दिली, बंदरावर कोरायला ठेवलेल्या नव्या दगडाची करून दिली, आणि शेवटी म्हणाला, की निदान पोराला विचारून तरी बघा. सावातारींनी नकार दिला. त्या रात्री त्यांना चांगली झोप लागली. इतक्या वर्षांत अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री ते पहिल्यांदाच असे झोपले.

समोर क्यूशूची शाळा होती. पाच डावांपर्यंत सगळं ठीक चाललं, उशिओझाकीच्या पाच धावा, त्यांची एक. सहाव्या डावात मियाकेचा चेंडू वर राहायला लागला. बघता बघता तीन धावा गेल्या. एकच गडी बाद, दोघे धावायला टपलेले, आणि उशिओझाकीकडे एका धावेची आघाडी.

त्याच वेळी बाजूच्या स्टँडमधून आरडाओरडा उठला. सावातारींनी मान वळवली. रेषेबाहेरच्या सरावाच्या जागेत नाओतो उभा होता. त्याला कुणी पाठवलं नव्हतं. राखीव कॅचरला खाली बसवून तो चेंडू टाकत होता, आणि तीन बसगाड्यांतली माणसं, शाळेचा बँड, मागची अनोळखी गर्दी, सगळे त्याच्या नावाचा घोष करत होते. त्याचे चेंडू जोरात जात होते. चेहरा पांढरा पडला होता.

शाळकरी सामन्यात प्रशिक्षकाला मैदानात पाऊल टाकता येत नाही. काही सांगायचं तर बाकावरच्या पोराला धाडावं लागतं. तसा निरोप्या पोरगा टोपी हातात घेऊन सावातारींसमोर उभाच होता. आणि त्याच्या मागून नाओतो आला. टोपी काढून, पाय जुळवून उभा राहिला.

सावातारींनी त्याला विचारलं नाही. ओठ मिटून ते त्याच्याकडे बघत राहिले. बस खाली, एवढे दोन शब्द म्हणायचे होते. सगळा बाक त्यांच्या तोंडाकडे बघत होता. मैदानात मियाकेसुद्धा वळून इकडेच बघत होता, आणि त्याच्या बघण्यात विनवणी होती.

"जमेल, सर," नाओतो म्हणाला.

सावातारी तसेच उभे राहिले. किती वेळ, ते त्यांना नंतरही सांगता आलं नसतं. निरोप्या पोराने त्यांच्याकडे पाहिलं, नाओतोकडे पाहिलं, मग पुन्हा त्यांच्याकडे. आणि सावातारींनी मान हलवली. अगदी थोडी. पोरगा पंचांकडे पळाला.

नाओतोने त्या दोघांना जागच्या जागी ठेवून दोन गडी बाद केले. सातवा डाव सरळ गेला. आठव्यात त्याचा हात वरून यायचा थांबला, तो बाजूने फेकायला लागला. टीव्हीवरच्या माणसाने त्याला फलंदाजांना चकवणारी नवी युक्ती म्हटलं. नवव्या, शेवटच्या डावात तो प्रत्येक चेंडूनंतर पाठमोरा होऊन उभा राहायचा, मग वळायचा. शेवटचा गडी बाद झाला तेव्हा पोरं धावत जाऊन त्याच्या अंगावर पडली. त्या ढिगातून बाहेर आला तेव्हा तो हसत होता आणि उजवा हात डाव्या हाताने पोटाशी धरला होता. क्यूशूची पोरं ओणवी होऊन, रडत, हरलेल्यांच्या रीतीप्रमाणे मैदानाची माती पिशव्यांत भरत होती.

गावात मिरवणूक निघाली. बंदरावर झेंडे होते, ओकाबायाशीचं भाषण होतं. फुसाएबाई गर्दीच्या कडेला शिगेकीबरोबर उभ्या होत्या. शिगेकीने भावाची पिशवी डाव्या खांद्यावर घेतली होती. सावातारी स्वतःहून त्यांच्याकडे गेले. बाई नेहमीसारख्या वाकल्या नाहीत.

"मी त्याला विचारलं नाही," सावातारी म्हणाले.

"माहीत आहे. टीव्हीवर तुमचा चेहरा दाखवत होते. बराच वेळ." बाईंचा आवाज चढला नव्हता. "नको म्हणायला विचारावं लागत नाही, सर."

शिगेकी गडबडून मध्ये पडला. आई दमली आहे, राग मानू नका, असं काहीतरी म्हणाला, आणि आईला घेऊन निघाला.

जिल्ह्याच्या ठिकाणच्या डॉक्टरांनी सांगितलं, की कोपराचा स्नायुबंध पुरता तुटला आहे आणि हाडाचा तुकडा सुटला आहे. शिवता येईल, पण पूर्वीसारखं फेकता येणार नाही. नागोयाच्या कारखान्याचा माणूस मिठाईचा डबा घेऊन आला, फार वेळ आजाऱ्याची चौकशी केली आणि नोकरीचं काही न बोलता उठला. बर्फाच्या कारखान्यात आणखी एक जागा होती.

उशिओझाकीत उन्हाळ्याची स्पर्धा संपली की आठवड्याभरात नवा संघ सरावाला उभा राहतो. जुनी पोरं निघून जातात, त्यांच्या पाठच्या पोरांना क्रमांक मिळतात. सावातारी त्या वर्षीही वेळेवर आले. नाओतोच्या जागी नवा पिचर ठरला होता तो कोदामा, डोंगरापलीकडच्या गावातला लांब हाताचा पोरगा. ऊन तापलं होतं, तो टाकत होता, आणि भोवती धाकटी पोरं गोळा होऊन बघत होती. सावातारी पाठीमागे उभे राहिले. थोड्या वेळाने पोराचा खांदा जरासा उतरला. दुसऱ्या कुणाला दिसला नसता.

"पुरे," सावातारी म्हणाले.

कोदामाने वळून पाहिलं. त्याचे डोळे चमकत होते. नाओतोच्या शेवटच्या डावाच्या वेळी तो बाकावर होता. सगळं त्याने तिथून पाहिलं होतं.

"जमेल, सर."

"मी विचारलं नाही. पुरे म्हटलं."

"जमेल," कोदामा पुन्हा म्हणाला, आणि भोवतालच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

सावातारींनी चेंडूसाठी हात पुढे केला. पोराने चेंडू दिला नाही.