धुतलेला पडदा आणि कपाटातली पट्टी

कोलशेतच्या आमच्या हॉलमध्ये रंगमंचावर दर्शनी पडद्याचे दोन भाग आहेत, सहा विंगा आहेत, वाळूच्या चार बादल्या आणि आग विझवायचं एक नळकांडं आहे. मागच्या कपाटात हातभर लांबीची, लाल मखमलीची एक जुनी पट्टी असे. ती मी.

मित्रांनो, मी आणि तो पडदा एकाच ताग्यातले. मानपाड्याच्या कारखान्यात आम्हाला क्षारांच्या पाण्यात बुडवून वाळवलं. असे क्षार मुरलेलं सुती कापड ज्योतीने काळं पडतं, पण जळत राहत नाही. तपासणीसाठी पडदा कापावा लागू नये म्हणून माझ्यासारख्या चार पट्ट्या सोबत दिल्या होत्या. दर वर्षी सणाच्या नाटकाआधी त्यांतली एक ज्योतीवर धरायची. माझ्या तीन बहिणी अशा काळ्या पडल्या, जळत राहिली एकही नाही. त्यांच्या भरवशावर तीन नाटकं झाली. मला त्यांचा अभिमान वाटतो.

यंदा माझी पाळी होती. शेवटच्या प्रवेशात सेरेना पडद्यालगत पेटती मेणबत्ती घेऊन उभी राहणार होती. तिची आजी सुझाना आंटी नाटकाचे कपडे सांभाळते. खाडीच्या दमट हवेत पडद्यावर पांढरी भुकटी आलेली तिला दिसली. तिने चार बायका गोळा केल्या, पडदा उतरवला आणि साबणाने स्वच्छ धुतला. पडदा इतका मऊ झाला की सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. मी मात्र कपाटातच होते.

नाटकाच्या आदल्या दिवशी क्षिप्राने तपासणीसाठी मला बाहेर काढलं. ती शेजारच्या इमारतीत राहते, रसायनशास्त्र शिकलेली आहे. मला बोटांत चोळून ती पडद्यापाशी गेली आणि तोही चोळून पाहिला.

"आंटी, पडदा धुतलेला का?"

"मग काय, सणाला मळका टांगू? बुरशी आलेली त्याच्यावर."

"बुरशी नव्हती ती. आग रोखणारे क्षारच वर आलेले."

नाटक मंडळाचे अध्यक्ष रॉड्नी घाईत होते. "अगं, पट्टी आहे ना तुझ्या हातात? तीच जाळ नि पास करून टाक. उद्या अख्खं गाव येतंय."

मी पास झालेच असते, आणि माझ्या शब्दावर सेरेना त्या पडद्यापाशी उभी राहिली असती.

क्षिप्राने पडद्याच्या दुमडीतून चिंधी कापली आणि चिमट्यात धरून ज्योत लावली. चिंधी भडकली आणि पार चिमट्यापर्यंत जळाली.

"माझ्याच हाताने घालवलं ना मी ते?" सुझाना आंटीने हळूच विचारलं.

"धुऊ नका असं त्याच्यावर कुणी लिहिलंच नव्हतं, आंटी. तुम्हाला कसं कळणार?"

आंटी अध्यक्षांकडे वळली. "रॉड्नी, पडदा उतरव. नाटक पुढच्या रविवारी."

"आणि लोकांना काय सांगू?"

"सांग, सुझानाने पडदा धुतला. हसतील ते माझ्यावर हसतील. पोरगी माझी उभी राहणारे तिथे."

रॉड्नी कुरकुरत फोन करायला गेले. पण टेम्पोत पडदा चढवायला पहिला खांदा त्यांचाच होता. निघण्याआधी सुझाना आंटीने मलाही त्याच साबणाने धुतलं, म्हणजे मी पुन्हा पडद्यासारखीच झाले. मानपाड्याला पडद्याबरोबर मी पुन्हा क्षारांच्या पाण्यात उतरले, त्याच्याशेजारी वाळले. परत आल्यावर आंटीने कारखान्याने दिलेली माझ्यासारखीच नवी पट्टी पडद्याच्या मागे टाचली, म्हणजे पडद्याचं जे होईल ते तिचंही होईल. 'धुण्याआधी विचारा' असं तिथेच भरतकामही केलं. कपाटात एकटीने सुरक्षित राहण्यापेक्षा पडद्याच्या सोबत असणं किती चांगलं. या माणसांचे माझ्यावर फार उपकार आहेत.

मित्रांनो, एखाद्या वस्तूची निगा राखायची असेल तर ती कशासाठी बनवली आहे, हे आधी विचारा. प्रेमाने धुतलेला पडदाही पेटतो.

रविवारी सकाळी क्षिप्राने मला चिमट्यात उभं धरलं. ज्योत बारा सेकंद लावली. ज्योत बाजूला केल्यावर मी एका सेकंदात विझले. काळा पडलेला भाग नऊ सेंटिमीटर भरला. मी पास झाले, आणि माझ्याबरोबर पडदाही.