मावशींचा उशीर

पंपहाउसात एक नियम आहे आणि तो कुणी मोडत नाही. पुढच्या पाळीचा माणूस येऊन वहीत सही करेपर्यंत आधीच्या पाळीच्या माणसाने जागा सोडायची नाही. घरी पाहुणे येवोत, पोटात कळ येवो, हलायचं नाही. मोटारी चालू असतात, टाकी भरत असते आणि ती भरून वाहायला लागली तर कुणाच्या वेळेत वाहिली हे वही सांगते. तिथले लोक याला चार्ज देणं आणि चार्ज घेणं म्हणतात. ऑपरेटरने चौदा वर्षं दुसरं काही केलं नव्हतं. बायको गेल्यावर घर कसं चालवायचं हे काही केल्या सुचेना, तेव्हा त्याने हीच पद्धत उचलून घरी आणली.

दाराजवळच्या खिळ्याला त्याने एक वही टांगली. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मावशी येणार आणि त्याच्या पाच वर्षांच्या मुलीचा, म्हणजे गोटीचा, चार्ज घेणार. 'ताप नाही. दूध अर्धा पेला. खोकला दोनदा. रात्री नीट झोपली.' खाली त्याची सही, मावशींची सही आणि वेळ. मावशींचं आयुष्य हॉस्पिटलच्या वॉर्डात आया म्हणून गेलेलं, त्यामुळे त्यांना यात काही विचित्र वाटलं नाही. वाटलं असलं तरी त्या बोलल्या नाहीत. समजावून सांगावं लागलं ते गोटीला.

"मावशी सही करत नाहीत तोवर बाबा जाऊ शकत नाही," असं त्याने तिला सांगितलं होतं. मुलं आपलं बोलणं ऐकत नाहीत अशी आईबापांची तक्रार असते. गोटीने हे वाक्य अगदी नीट ऐकून घेतलं होतं.

बायकोला जाऊन आठ महिने झाले होते. तेव्हा सगळे रडले, त्याची बहीण तर दोन दिवस उठली नाही. त्याने फॉर्म भरले, बिलं चुकती केली, गाद्या उन्हात टाकल्या. लोक म्हणाले, माणूस घट्ट आहे. घट्ट वगैरे काही नव्हता. त्याला काही वाटतच नव्हतं. जेवणाला चव होती, पण ती दुसऱ्याच कुणाच्या तरी तोंडात असल्यासारखी. मुलगी हसली की आता आपण हसायला हवं हे त्याला कळायचं आणि तो हसायचा, पण तोवर ती दुसऱ्या कामाला लागलेली असायची. तिची वेणी तो घालायचा, नखं कापायचा, दर महिन्याला वजन करून आणायचा. मुलीच्या देखभालीत कुणी बोट ठेवावं अशी जागा नव्हती.

आणि मग मावशी उशिरा यायला लागल्या.

पहिल्या दिवशी त्यांचा पाय मुरगळला होता. लंगडत आल्या, माफी मागितली. दुसऱ्या दिवशी काही कारण सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं तर "होतो कधीकधी उशीर, दादा," एवढंच म्हणाल्या आणि सही करून आत गेल्या. मग तो रोजचाच झाला. सहा दहाच्या जागी सहा पस्तीस. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. खरा उशीर असा मापून झालेला नसतो हे त्याच्या लक्षात यायला हवं होतं. चौदा वर्षं काट्यांकडे बघत बसणाऱ्या माणसाच्या लक्षात येऊ नये म्हणजे कमालच होती. पण त्याने वहीत लाल शाईने 'उशीर २५' लिहायला सुरुवात केली आणि विषय तिथे मिटवला.

त्या पंचवीस मिनिटांत तो दाराजवळच्या स्टुलावर बसायचा. बूट घातलेले, डबा मांडीवर. घरातलं सगळं उरकलेलं असायचं, त्यामुळे करायला काही नसायचं. गोटी उठून यायची आणि त्याला टेकून उभी राहायची. थोड्या वेळाने डबा बाजूला सारून मांडीवर चढायची. ती कालच्या स्वप्नातलं सांगायची, त्याच्या दाढीचे खुंट मोजायची, कधी नुसतीच पडून राहायची. तो "हं" म्हणायचा. एकदा ती तिथेच झोपली आणि तिच्या डोक्याखाली त्याचा हात पार बधिर झाला. या बधिरपणाला निदान कारण तरी होतं, असं त्याच्या मनात आलं. मग मावशी आल्या आणि तो निघाला.

तो कामावर सात पंधराला पोचायचा आणि तोवर रात्रपाळीचा फौजदार ताटकळत बसलेला असायचा. फौजदार हे त्याच्या मिशीमुळे पडलेलं नाव. माणूस तसा गरीब होता. पहिले काही दिवस तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "अरे, माझी बायको सव्वासातला कामाला निघते. मी पोचलो नाही तर म्हातारी आई घरात एकटी पडते. तुझं दुःख मला कळतं, पण म्हातारी काय करील?" आणि मग जरा नरमून, "शर्टाचं बटण तुटलंय बघ तुझं. वरून दुसरं. कुणी बघायला नाही म्हणून असं फिरू नये."

ऑपरेटरने खाली बघितलं. बटण नव्हतं आणि दोराही नव्हता, जणू कुणी कात्रीने कापून घेतलं होतं. त्याने तिथे पिन लावली.

महिनाअखेरीला साहेबांनी त्याला बोलावलं आणि एक कागद हातात ठेवला. वाईट वाटतंय असं तोंड करून ते म्हणाले, "फौजदाराने लेखी दिलंय. मला दाबून ठेवता येत नाही. आणखी एकदा उशीर झाला तर तुझं नाव राखीव यादीत टाकावं लागेल." राखीव यादीतल्या माणसाला कुणी आजारी पडलं तर काम आणि त्या दिवसापुरता पगार. घरभाडं, मावशींचे पैसे, गोटीची पुढच्या वर्षीची शाळा, यातलं काहीच त्यात बसणार नव्हतं. ऑपरेटरने कागदावर सही केली. आपल्याला भीती वाटायला हवी, असं त्याला वाटलं.

त्या दिवशी दुपारी घरी आल्यावर त्याने वही खिळ्यावरून काढली आणि टेबलाशी बसला. मावशींचा पगार द्यायचा दिवस होता. गोटी आत झोपली होती. सतरा दिवस, रोज पंचवीस मिनिटं. सात तास पाच मिनिटं. तेवढे पैसे त्याने वजा केले, उरलेले पाकिटात घातले आणि हिशेबाचा कागद वर ठेवला. पुढचं बोलणंही त्याने मनात लिहून काढलं होतं.

"मावशी, उशिराचे पैसे कापलेत," तो म्हणाला.

"कापा की," मावशी म्हणाल्या. त्यांनी कागद वाचलासुद्धा नाही. पाकीट दुमडून पिशवीत टाकलं. वॉर्डात लोकांची घाण काढून, वरून बोलणी खाऊन ज्या बाईने तीस वर्षं नोकरी केली, ती दहा रुपड्यांसाठीही भांडेल असं त्याला वाटलं होतं.

"आणि उद्या उशीर झाला तर मला दुसरी कुणी बघावी लागेल. आज मला नोटीस मिळालीय. आणखी एकदा उशिरा पोचलो तर माझी नोकरी गेल्यातच जमा आहे."

मावशींचा हात पिशवीवरच थांबला. "नोकरीवर आलंय?"

"हो."

"हे तुम्ही मला बोलला नाहीत, दादा."

"तुम्हीही उशिराचं कारण बोलला नाहीत."

त्या खुर्ची ओढून बसल्या. कधी त्याच्यासमोर बसत नसत, आज बसल्या. पिशवीच्या तळातून त्यांनी औषधाची एक रिकामी बाटली काढली, झाकण फिरवलं आणि ती टेबलावर उपडी केली. बटणं होती. शिंपल्याची पांढरी, कोटाची काळी, फ्रॉकची लाल, एक पितळी. त्याने सवयीने मोजली. सोळा. ही त्याच्या बायकोच्या शिवणाच्या डब्यातली होती. त्यातलं एक त्याच्या शर्टाचं होतं.

"ते मी घेणार नव्हते," त्या शर्टाच्या बटणाकडे बोट दाखवून मावशी म्हणाल्या. "पण डब्यातली सारखी तीच तीच द्यायची नाहीत असं गोटीचं मत पडलं."

त्याने ते बटण उचलून बघितलं आणि परत ठेवलं.

"पाय मुरगळला त्या दिवशी मला खरंच उशीर झाला. दुपारी ही पोरगी मला म्हणते, मावशी, उद्याही उशिरा ये. म्हटलं, का गं? तर म्हणते, तू सही केली नाहीस तर बाबाला जाता येत नाही. तो तिथे बसतो. मी नाही म्हटलं. रागावलेसुद्धा. मग तिने हे पांढरं बटण आणून माझ्या हातात ठेवलं. फुकट नको म्हणाली."

"मग तुम्ही..."

"मग मी सहालाच यायचे आणि खालच्या जिन्यावर बसायचे. घड्याळ बघून वर यायचे. एका बटणाला एक दिवस, असा आमचा सौदा." मावशींनी पदराने तोंड पुसलं. "चुकलंच माझं. तुम्हाला सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं, तर तुम्ही ते वहीत लिहिलं असतं."

त्याने खरंच लिहिलं असतं. त्याने खिशातून कापलेले पैसे काढून पुढे सरकवले. मावशींनी ते दोन बोटांनी परत सरकवले.

"जिन्यावर बसले असले तरी घरात उशिराच आले. ते कापलेत ते बरोबर आहे. आणि ही बटणं तुम्ही ठेवा. मला दोन्ही बाजूंनी घ्यायचं नाही." त्या उठल्या, चपला घातल्या. "उद्या सहा दहाला येते. नोकरी सांभाळा. पोरीला काय सांगायचं ते तुम्ही सांगा, मला ते जमायचं नाही."

दार लागलं. तो टेबलाशी बसून राहिला. आता काहीतरी वाटेल म्हणून त्याने थोडा वेळ वाट बघितली. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. बटणांची त्याने रंगाप्रमाणे ओळ लावली आणि मग ती मोडली.

झोप झाल्यावर गोटी बाहेर आली. केस एका बाजूला चप्प बसलेले, गालावर उशीचे वळ. टेबलावरची बटणं बघून ती जागच्या जागी थबकली. चोरी पकडली गेली की मोठी माणसं कारणं शोधतात. ती नुसती बघत राहिली.

"मावशीने परत दिली?" तिने विचारलं.

"हो."

"सगळी?"

"सगळी. उद्यापासून मावशी वेळेवर येणार आहेत. उशीर झाला तर बाबाचं काम जाईल."

तिने यावर विचार केला. ती रडेल असं त्याला वाटलं होतं. ती रडली नाही. जवळ आली, फ्रॉकची ओटी केली आणि एकेक बटण त्यात टाकायला लागली. शर्टाचं तेवढं वेगळं ठेवून त्याच्यापुढे सरकवलं. ते त्याचं होतं.

"मग तू लगेच जाणार," ती म्हणाली. ती हे विचारत नव्हती, तिने फक्त हिशेब मांडला होता.

"मी लवकर उठेन," तो म्हणाला. कुठून आलं हे त्यालाही कळलं नाही. "तुलाही लवकर उठवेन. मावशी यायच्या आधी आपण स्टुलावर बसू. पंचवीस मिनिटं."

"रोज?"

"रोज."

"सुट्टीच्या दिवशी पण?"

"सुट्टीच्या दिवशी पण."

तिने त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. माणूस शब्दाचा पक्का आहे की नाही, हे बाजारात नवखं गिऱ्हाईक बघतं तसं. मग ओटीत हात घालून तिने चाचपत एक बटण निवडलं, पितळी, सगळ्यांत चांगलं, आणि त्याच्यापुढे ठेवून विचारलं, "आणि तू किती घेशील?"

त्याला दुखलं. छातीच्या मधोमध, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखलं, आठ महिन्यांत पहिल्यांदा, आणि ते इतकं अचानक आलं की त्याला टेबलाची कड धरावी लागली. काही नाही, काहीच घेणार नाही, असं त्याला सांगायचं होतं, पण तोंडातून शब्द फुटेना.

गोटी वाट बघत होती. तो गप्प आहे म्हणजे सौदा पटलेला नाही असं तिला वाटलं असावं. तिने पुन्हा ओटीत हात घातला आणि आणखी एक बटण काढून पहिल्याशेजारी ठेवलं.

"दोन?" ती म्हणाली.